डाव्या काठाच्या गाठी

पलंग उद्या सकाळी येणार होता आणि शिवणाच्या खोलीत तो टेकवायला रुमालाएवढीही जागा नव्हती. नवऱ्याच्या गुडघ्यांनी जिन्याशी कायमचं वैर धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, खालीच झोपत जा. आणि खाली रिकामी करण्यासारखी खोली एकच होती, वहिनींची. “सावकाश कर, घाई नाही,” असं सांगून नवरा पेपर घेऊन बाहेर बसला. उद्या सकाळी म्हणजे किती सावकाश, हे विचारायचंही त्राण वहिनींच्यात उरलं नव्हतं.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. नणंदेने हाक मारायला सुरुवात केली, ती गल्लीने उचलली, आणि आता दूधवालाही त्यांना वहिनीच म्हणतो. फक्त नणंद म्हणत नाही. अकरा वर्षांपूर्वी दोघींचं वाजलं, तेव्हापासून कुणाच्या लग्नात समोर आल्या तर “बरं आहे ना?” आणि “बरं आहे,” एवढ्यावर भागतं.

वहिनींनी एकेक खण उपसायला घेतला. तीन कात्र्या, त्यांतली कापणारी एक. बटणांचे डबे. बुडाशी एकेक वेढा उरलेली दोऱ्याची रिळं. पुढेमागे लागेल म्हणून ठेवलेल्या कापडांची गाठोडी. पुढेही लागली नाहीत आणि मागेही. उठता-बसता कंबर ठणकत होती. आपण हे सगळं कुणासाठी साठवलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि उत्तर शोधण्याचाही कंटाळा आला.

मग मोठ्या कपाटातून गोधड्या निघाल्या. म्हणजे गोधड्या होऊ घातलेलं सामान. पहिलं मुलीच्या बाळासाठी घेतलेलं दुपटं, तीन बाजू शिवलेलं. ते बाळ आता दाढी करतं. मग चारेकशे त्रिकोण, कापून जुड्या बांधलेले, कधी न जोडलेले. मग एक गोधडी, जिचं अस्तर बोटभर आखूड कापलं गेलं होतं; चूक वहिनींची, पण शिक्षा गोधडीला, वीस वर्षं कोंडून. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण कुणीतरी ह्याच कपाटात डोकावून केली असावी.

सगळ्यात खाली उशीच्या अभ्र्यात कोंबलेली एक होती. वहिनींना ती न काढताच कळली.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या जुन्या सुती कपड्यांची ती गोधडी घातली होती. वहिनी ह्या बाजूला, नणंद त्या बाजूला, समोरासमोर बसून दोघी आपापल्या काठाकडून मधे येत होत्या. गोधडी फिरवायची सोय नव्हती, म्हणून ओळ संपली की दोरा तोडायचा आणि पुढची ओळ पुन्हा पहिल्याच काठाशी नवी गाठ मारून सुरू करायची. रोज दुपारी दोन-तीन ओळी. मधे वीतभर जागा उरली असताना भांडण झालं. नणंद म्हणाली, “आईचं आपण दोघींनी केलं.” बस, तेवढं पुरलं. चार महिने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं वहिनींनी केलं होतं, नणंद यायची रविवारी. शब्दाने शब्द वाढला. वहिनी म्हणाल्या, “आईंचंही मी केलं आणि ह्या गोधडीतही माझंच जास्त आहे.” आणि नुसत्या म्हणून थांबल्या नाहीत, बोट ठेवून ओळी मोजून दाखवल्या. ह्या बाजूच्या एकतीस, त्या बाजूच्या चोवीस. नणंद सुई तशीच टोचून उठली आणि गेली.

ती सुई अजून तिथेच होती, गंजून कापडाला चिकटलेली.

वहिनींनी गोधडी जमिनीवर पसरली आणि जुन्या सवयीने आपल्या बाजूला बसल्या. टाक्यांवरून हात फिरवताना उजव्या काठाशी बोटांना गाठी लागल्या. बरोबरच होतं. उजव्या हाताचं माणूस उजवीकडून सुरू करतं. पण मधेच बोट गुळगुळीत काठावरून घसरलं. गाठ नाही. पुढच्या ओळीलाही नाही. वहिनींनी चष्मा पुसला आणि डावा काठ चाचपला. तिथे गाठी होत्या, नऊ.

डावीकडून शिवणारी त्या घरात एकच होती. नणंद डावखुरी. आणि ह्या नऊ ओळी घालायला तिला समोरून उठून, वळसा घालून, वहिनींच्या अगदी शेजारी येऊन बसावं लागलं असणार.

ते दिवस वहिनींना आठवले. दुपारी सुई हातात घेतली की मान कलायची. जाग आली की वाटायचं, डुलकीच लागली असेल. काम तर किती पुढे गेलंय. स्वतःच्या हाताचं कौतुकही वाटायचं. आता त्यांना इतकी लाज वाटली की एकट्या असूनही त्यांनी पदराने तोंड पुसलं. चार महिने त्यांनी केलं होतं ते खरंच होतं, त्यातला एक दिवसही खोटा नव्हता. पण गोधडी खोटी मोजली होती, आणि तीही तिच्या तोंडावर.

फोन करायचा म्हणून त्या उठल्या, परत बसल्या, दोन डबे आवरले आणि मग एकदाचा लावला.

“वन्सं, मी बोलतेय.”

“कोण गेलं?” नणंदेने विचारलं.

“कुणी नाही गेलं. आईंची गोधडी सापडली.” वहिनींनी एका दमात सांगून टाकलं. “माझ्या बाजूला नऊ ओळी तुमच्या आहेत.”



“अकरा आहेत,” वन्सं म्हणाल्या. “नीट बघ.”

“तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू झोपली होतीस. चार महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं तुला झोपलेलं. उठवणार होते होय?”

“भांडताना तरी सांगायचं.”

“तू मोजत होतीस ना. मोजणाऱ्या माणसाला मधे बोलू नये, आकडा चुकतो.” मग आवाज जरा खाली आला. “राग आला होता मला, वहिनी. अजून थोडा आहे.”

“असू दे,” वहिनी म्हणाल्या. “चुकलं माझं. उद्या याल? वीतभरच राहिलंय.”

“डोळ्यांना धड दिसत नाही आता. दोरे ओवून ठेव.”

दुसऱ्या दिवशी पलंग आला, लागला, आणि नवरा त्यावर आडवा होण्याआधीच दोघींनी गोधडी पसरून तो बळकावला. “माझ्यासाठी आणलाय तो,” नवरा दारातून म्हणाला. “बहिणीला आधी बसू दे, अकरा वर्षांनी आलीय,” वन्सं म्हणाल्या, आणि तो मुकाट्याने पेपरकडे परतला. वहिनींनी चार सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या होत्या. त्यातच अर्धी सकाळ गेली होती. वन्संचे टाके आता बोटबोटभर लांब पडत होते. सासूबाईंनी पाहिले असते तर उसवून हातात दिले असते. वहिनी आपली ओळ घालत राहिल्या. पाठ भरून आली होती, कालपासून उचललेले सगळे डबे एकदम अंगात बोलत होते. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्यांची मान कलली.

जाग आली तेव्हा कापडातून दोरा ओढल्याचा आवाज अगदी कानाशी येत होता. समोरची जागा रिकामी होती. वन्सं वळसा घालून ह्या बाजूला आल्या होत्या, आणि त्यांचा गुडघा वहिनींच्या गुडघ्याला टेकला होता. वहिनींनी डोळे पुन्हा मिटून घेतले.

“जागी झालीस ते कळलं मला,” वन्सं म्हणाल्या. “पड तशीच. मोजू नकोस, म्हणजे झालं.”