मन्मथशेठच्या विहिरीवरचा मीटर

मी जरा भरभर बोलतोय, सांभाळून घ्या. पाण्याचा मीटर आहे मी. फिरण्यासाठीच जन्माला आलो. गप्प बसायचं म्हटलं की माझा जीव कासावीस होतो, आणि आता नेमकं तेच नशिबी आलं आहे.

माझं अंग कोल्हापूरकडच्या एका भट्टीत ओतलं गेलं. पुण्यात पोटात पंख्यासारखं चाक बसलं, वर जाड काच आली, काचेखाली आकडे आणि एक लाल काटा. निळा रंग देऊन मला खोक्यात घातलं. देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. आमच्या गोदामातही परदेशी मीटर ऐटीत येऊन बसले होते. त्यांचा थाट बघून मला घोर लागला, आता आपल्याला विचारतो कोण?

विचारलं ते मन्मथशेठनं. मांजरसुंब्याजवळ त्याचा बर्फाचा कारखाना. हमरस्त्यावर धाबे वाढलेले, धाब्याधाब्यावर थंड पेयांच्या नव्या बाटल्या आलेल्या, आणि त्यांना बर्फ हवा. पाणी यायचं ते टेकाडावरच्या विहिरीतून, पाइपानं खाली कारखान्याच्या टाकीत. विहिरीतून किती निघतं ते कळावं म्हणून त्याला मीटर हवा होता.

विक्रेत्यानं टेबलावर दोघांना मांडलं. एक मी, दुसरा परदेशी, ज्याच्या पोटात फिरणारं काहीच नव्हतं.

"शेठ, विहिरीचं पाणी आहे. वाळू येणार, कधी पाइपात हवा शिरणार. तुम्ही हा घ्या," विक्रेता त्या परदेशी पाहुण्याकडं बोट दाखवून म्हणाला.

मन्मथनं त्याच्यात डोकावून पाहिलं. आरपार भोक. "ह्याच्यात तर काहीच फिरत न्हाई. मग मोजतंय कोन?"

मन्मथच्या घरात आजोबांपासून किराण्याचं दुकान. काटा हलला तरच माप खरं, हे त्यांच्या रक्तातच भिनलेलं. त्यानं माझं चाक बोटानं फिरवलं, लाल काटा भिरभिरला, आणि गडी खूश. मीही शेफारलो. परदेशी पाहुणा मुकाट्यानं परत खोक्यात गेला.

फिटर मला जमिनीलगत बसवणार होता, कारण तिथं पाइप कायम भरलेला राहतो. पण आधी पूजा झाली. मन्मथची आई नीलाबाई स्वतः टेकाडावर आल्या. त्यांनी माझ्या काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली, बेलाचं पान ठेवलं, नारळ फुटला. फिटरनं पाना उचलला तशा त्या ओरडल्या, "आरं, पूजा झालेल्या वस्तूला येता-जाता पाय लागंल की! वर घ्या तेला."

"आक्का, वर घेतला तर पाइपाला कमान येती. कमानीत हवा कोंडती."

"हवाच हाय ना? ती कुनाचं काय खाती?"

आईचा शब्द मन्मथ मोडत नसे. पाइपाला कमान दिली आणि मला छातीएवढ्या उंचीवर चढवलं. वरून सगळं शिवार दिसायचं. खोटं कशाला बोलू, मला ती जागा फार आवडली.

विहिरीवर बऱ्याच वर्षांपासून धोंडीराम असायचा. मोटर चालू करणं, बंद करणं, पाइपाची राखण हे त्याचं काम. बायको छबूबाईसह तो तिथल्याच खोलीत राहायचा. रोज सकाळी डोक्याच्या पटक्यानं माझी काच पुसायचा आणि म्हणायचा, "चल बाबा, कामाला लाग." मोटर घरघरली की मी सुटायचोच.

पावसाळा, हिवाळा बरा गेला. उन्हाळ्यात विहीर खाली खाली गेली. मोटर पाण्याबरोबर हवाही ओढायला लागली. त्यात वीज घडीघडी जायची. मोटर बंद पडली की पाइपातलं पाणी उतारानं खाली निघून जायचं, आणि वीज आली की आधी सगळी हवा माझ्यावर धावून यायची. मी असा गरागरा फिरायचो की विचारू नका! पाण्यानं कधी मला इतकं पळवलं नव्हतं. जे चाकाला ढकलतं ते मी मोजतो. ते पाणी आहे की वारा, हे बघायला माझ्याकडं काय डोळे आहेत?

वर माझे आकडे चढत होते आणि खाली टाकी अर्धीसुद्धा भरत नव्हती. बर्फाच्या लाद्या कमी पडायला लागल्या. मन्मथ दिवसातून कितीतरी वेळा येऊन काचेत बघायचा आणि तसाच तिरमिरीत परत जायचा. हमरस्त्यावर तेव्हा पाण्याचे टँकर फिरत होते. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

एके दुपारी धोंडीराम मांजरसुंब्याहून परत आला तो उघड्या डोक्यानंच. पटका हातात होता.

"काय झालं वो?" छबूबाई धावली.

"धाब्यावर गेलतो. आपल्या मालकानं धा मानसांत चोर म्हनलं मला. म्हनला, मीटर खोटं बोलत न्हाई, तू टँकरवाल्यांला पानी इकतूस."

"आन तुमी काय म्हनलाव?"

"काय म्हनू? समद्यांनी मान डोलावली. फिरत्या काट्याम्होरं माजं कोन ऐकतंय?"

मी तिथंच होतो हो, चार हातांवर! ओरडावंसं वाटलं, फुटून जावंसं वाटलं. पण माझी सगळी भाषा आकड्यांची, आणि आकडे त्याच्या विरुद्ध बोलत होते. संध्याकाळच्या आत दोघांनी भांडी गोणीत भरली आणि जवळच्याच आपल्या गावी निघून गेले. माझी काच पुसायला कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मोटरीवर मन्मथ स्वतः बसला. परक्या माणसावर त्याचा भरवसाच उडाला होता. त्यानं बटण दाबलं, मी सवयीनं उधळलो. "आता बघतो कसं पानी जात न्हाई," असं म्हणत तो पाइपाच्या कडेकडेनं टाकीपर्यंत पळत गेला. वाटेत कुठं गळती नव्हती, टँकर नव्हता, चिटपाखरू नव्हतं. टाकीच्या तोंडाशी पाइप नुसता फसफसत होता, मधूनच चूळभर पाणी थुंकत होता. तो धापा टाकत वर आला. मी अजून भन्नाट फिरत होतो.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आकडे तेच, आणि मोटरीवर आता धोंडीराम नव्हता, तो स्वतः होता. फिटरचं कमानीचं बोलणं त्याला आठवलं असावं, कारण त्यानं कमानीवर थाप मारून पाहिली, ती पोकळ वाजली, आणि त्यानं कपाळाला हात लावला.

त्यानं मला उतरवलं, मोटारसायकलला बांधलं आणि थेट धोंडीरामच्या दारात नेलं. अंगणात उभं राहून माझ्या तोंडाला तोंड लावलं आणि जोरात फुंकलं. लाल काटा पळाला.

"धोंडीराममामा, हवा हुती. नुसती हवा. माजं चुकलं."

छबूबाईला राहवलं नाही. "फुकल्यावर फिरतंय त्याच्यावर इस्वास ठेवलाव मालक, आन एवढ्या वर्साच्या मानसावर ठेवला न्हाई?"

मग धोंडीराम सावकाश बोलला, "जितं चोर म्हनलात, तितं हे फुकून दावा."

मन्मथनं ते केलं, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. त्याच धाब्यावर, त्याच माणसांसमोर, भर दुपारी त्यानं मला टेबलावर ठेवून फुंकलं. ट्रकवाले हसले. एक जण म्हणाला, "शेठ, बासरी का बे ही?" मन्मथचे कान लाल झाले, तरी त्यानं धोंडीरामचं नाव घेऊन सगळं खुलासेवार सांगितलं. धोंडीराम कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्यानं चहा संपवला, पटका नीट बांधला आणि उठला.

"चला मामा, विहिरीवर," मन्मथ म्हणाला.

"माजं नाव मोकळं झालं, लई झालं. आता न्हाई येनार मी." तेवढ्यात गेवराईची गाडी आली, आणि तो चढला. तिकडं कापसाच्या एका जिनिंगवर त्यानं काम धरलं असं मागून कळलं.

विहिरीवर आता तो परदेशी पाहुणा बसला आहे, खाली, जमिनीलगत. मी कारखान्याच्या कचेरीत फळीवर पडून असतो. येणारा-जाणारा गंमत म्हणून मला फुंकतो आणि माझं चाक लाजेनं फिरतं. असं फिरणं मला नको झालंय. माझी तक्रार राहू द्या, पण एक निरोप तेवढा न्या. कुणी गेवराईकडं जाणार असाल, तर धोंडीरामला सांगा, विहिरीवर त्याच्या जागी मन्मथनं अजून दुसरा माणूस ठेवलेला नाही. मोटर चालू करायला तो रोज स्वतःच टेकाड चढतो.