एकादशीच्या दिवशी शिजलेला भात

मी एक भात आहे, आणि नाशिकरोडच्या एका तिसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघरातून आपल्याशी बोलतो आहे. माझे नाव अरोस वालेन्सियाना. येथे ते कोणाच्या जिभेवर बसत नाही. म्हणून मी नुसता 'तो पिवळा भात'.

माझे कूळ स्पेनचे. त्या देशाने फिलिपिन्सच्या बेटांवर तीनशे वर्षांहून अधिक राज्य केले. राज्यकर्त्यांच्या ताटातून मी बेटावरच्या आयाबायांच्या हाती आलो. केशर त्यांना कोठले परवडणार? त्यांनी हळद घातली, नारळाचे दूध घातले, चिकट तांदूळ घेतला. राज्यकर्ते गेले, मी राहिलो. देव भक्ताघरी राबताना त्या घरचाच होऊन जातो. मीही जेथे गेलो तेथला झालो, असे मला वाटत असे.

एकच नेम मी कधी सोडला नाही. मी एकट्यासाठी शिजत नाही. सण असो, बारसे असो, वाढदिवस असो, ज्याच्या घरी आनंद त्याने मोठे पातेले चढवायचे आणि दहा जणांना वाढायचे.

मला येथे आणले लुझने. अनसूयाबाईंचा मुलगा विहंग जहाजावर नोकरीला आहे. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बंदरात त्याची आणि लुझची ओळख झाली, पुढे लग्न झाले. लुझ नाशिकला आली आणि चौथ्याच दिवशी विहंगला जहाजाचे बोलावणे आले. घरात उरल्या सासू आणि सून. अनसूयाबाई वैधव्य आणि तुळशीची माळ दोन्ही निष्ठेने सांभाळणाऱ्या. चाळीस वर्षांत त्यांची एकही एकादशी चुकलेली नाही. दोघी एकमेकींशी चांगल्या वागत. पण भाषा अर्ध्या वाटेवर संपे, आणि मग नुसता पंख्याचा आवाज उरे.

ती आल्यापासून बाराव्या दिवशी तिचा वाढदिवस होता. तिने सोसायटीच्या भजनी मंडळातील बायकांना जिन्यात गाठून सांगितले, "गुरुवारी संध्याकाळी या. मी जेवण करते." बायका म्हणाल्या, "येऊ की." सासूला तिने सांगितले नाही. तिला त्यांना चकित करायचे होते.

माळेच्या घरात मांस चालत नाही, हे विहंगने तिला सांगितले होते. एकादशीचे सांगायचे राहिले.

त्या गुरुवारी अनसूयाबाई सकाळीच पंचवटीत कीर्तनाला गेल्या. लुझने इगतपुरीकडचा चिकट इंद्रायणी तांदूळ आणला होता. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात तिने मला मंद आचेवर ठेवले. मटार, गाजर, ढोबळी मिरची आणि पिंपळगावचे बेदाणे घातले. मी शिजत असता ती हलकेच काही गुणगुणत होती. इतक्या दूरच्या मुलखात मी पहिल्यांदाच जन्म घेत होतो. मला वाटले, आता दार वाजेल आणि घर भरेल.

दार वाजले. सात बायका आल्या, हातात केळी आणि खण घेऊन. लुझने झाकण उचलले आणि सगळ्या पातेल्यावर वाकल्या.

"अगं बाई, भात?" शेजारच्या मीनाताई म्हणाल्या. "आज एकादशी ना गं."

"मला वाटलं, माळकऱ्याचं घर, भगर-आमटी असेल," दुसरी म्हणाली.

लुझ एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली. एकादशीला जगातली सगळी पापे अन्नाच्या आश्रयाला येतात, असे येथे मानतात. मी ते तेव्हाच ऐकले. ज्या घरी मंगल व्हावे म्हणून मी शिजलो, त्या घरी मी पाप होऊन बसलो होतो.

"अनसूयाबाईंनी सुनेला पंचांग नाही वाटतं दाखवलं," कोणी तरी हळूच म्हणाले.

"नाही दाखवलं," दारातून आवाज आला. अनसूयाबाई चपला काढीत होत्या. "पंचांग माझ्या खोलीत असतं, मीनाताई. तिची चूक नाही. बसा, केळी खा."

बायकांनी केळी खाल्ली, चहा घेतला, लुझच्या कपाळी कुंकू लावले आणि त्या निघून गेल्या. सासू-सून समोरासमोर उरल्या, मध्ये मी.

"तू खा गं. तुला नाही एकादशी."

"एकटी?" लुझ म्हणाली. तिने मान हलवली आणि माझ्यावर झाकण ठेवले. त्या दिवशी तीही उपाशी राहिली. फ्रिजमध्ये पातेले मावेना, तेव्हा तिने मधली फळी काढली.

किती पंगती मी पाहिल्या, पण झाकणाखाली गार होत जाणे मला ठाऊक नव्हते. देव विटेवर एकटा उभा राहतो तरी त्याच्या पायांशी कोणी तरी येते. मला शिवलेही कोणी नव्हते.

द्वादशीला सूर्य वर आला, तेव्हा अनसूयाबाईंनी वाटीभर ताजा भात करून नैवेद्य दाखवला. शिळे देवाला चालत नाही. मग त्यांनी मला बाहेर काढले. वरचा सारा भात कढईत घेतला आणि त्यावर मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्त्याची चरचरीत फोडणी दिली. शिळ्या भाताला फोडणी द्यायची, ही या घरची रीत. त्यात प्रेमच होते. बेदाणे तेवढे त्यांनी वेचून बाजूला ठेवले.

लुझ आंघोळ करून आली आणि दारातच थांबली.

"ये, उपास सोडू. छान झालाय बघ," घास घेत अनसूयाबाई म्हणाल्या.

लुझने एक घास खाल्ला.  ती म्हणाली, "आई, हा माझा नाही."

अनसूयाबाईंचा हात ताटावर थांबला. "मोहरी नसते होय यात?"

"नाही."

"मिरची?"

"नाही."

त्यांनी ताट सरकवले. ओट्यावरचे रिकामे पातेले त्यांनी खाली घेतले. तळाला मी खरवड होऊन चिकटलो होतो. तेवढ्यालाच फोडणी लागली नव्हती. उलथन्याने त्यांनी एक तुकडा खरवडला आणि तोंडात टाकला. कवळीने तो चावेना. डोळे मिटून, तीर्थ घ्यावे तसा त्यांनी तो तोंडात धरून ठेवला.

"असा होता होय," त्या म्हणाल्या.

"थोडा करपला."

"करपू दे. नारळ आहे ना यात?"

"हो."

लुझ खाली बसली. दोघींत अजून फारसे बोलणे नाही. विहंगची बोट अजून चार महिने यायची नाही. एका घासाने एकटेपण सरत नाही, हे मी जाणतो. पण वाचकहो, परमुलखाची लेक तुमच्या घरी पातेले चढवील, तेव्हा एकदा तिच्याजवळ जाऊन विचारा, "काय करतेस गं?" एवढे कोणी विचारले असते, तर मी एकादशी टाळून द्वादशीला शिजलो असतो आणि भरल्या पंगतीत बसलो असतो.

अनसूयाबाईंनी पुन्हा उलथने तळाला घातले आहे. मी येतो.