उलटा पीळ

ताडकळसच्या बाजारात वांगी निवडता निवडता धम्मशीलानं मान वर केली, आणि समोर तिला आपलाच स्वेटर दिसला.

भांड्यांच्या पालासमोर एक माणूस पाठमोरा उभा राहून दोरीला बादल्या अडकवत होता. अंगात मेंदी रंगाचा स्वेटर, पाठीवर वेणीची वीण. तशी वेणी कुणीही विणेल. पण उजव्या खांद्याखाली एक पीळ बाकीच्यांच्या उलट दिशेला वळला होता, आणि तो पीळ धम्मशीला हजारांत ओळखू शकत होती.

तो तिच्याच हातून चुकला होता. गेल्या थंडीत धाकट्या भावासाठी, सुगतसाठी, तिनं हा स्वेटर विणला होता. कापूस वेचून झाल्यावर दुपारी ओट्यावर बसायचं, सुया हातात घ्यायच्या, की बोटं आपोआप चालायची आणि डोकं कसं शांत व्हायचं. पाठ, पोट, बाह्या सगळं जोडून झालं, स्वेटर दोरीवर टाकला, आणि तेव्हा तो पीळ दिसला. उसवायचं तर अर्धी पाठ उसवावी लागली असती. तिचा धीर झाला नाही. सुगतला पाठीवरचं काय दिसणार म्हणून तिनं तसाच देऊन टाकला, पण नंतर कितीतरी दिवस तो पीळ तिच्या डोळ्यांत खुपत राहिला.

मग तो स्वेटर या भांडेवाल्याच्या अंगात कसा? सुगतनं देऊन टाकला? हरवला? वांगी तशीच ठेवून ती पालाकडे गेली.

“भाऊ, हा स्वेटर कुठून घेतला तुमी?”

माणसानं वळून पाहिलं. “घेतला न्हाई ताई. घरचा हाय. आमच्या मंडळीनं इणला.”

तो अगदी सहज बोलला. खोटं बोलणारा माणूस एवढ्या कौतुकानं स्वेटरवरून हात फिरवत नाही. त्याचं नाव शिवप्रकाश, राहायला पिंगळीला, बायकोचं नाव महेश्वरी, एवढं त्यानं स्वतःहूनच सांगितलं. पिंगळीचं नाव निघताच तिचा संशय पुन्हा जागा झाला. सुगतही पिंगळीलाच राहत होता.

पालामागं जाऊन तिनं सुगतला फोन लावला. स्वेटर कुठंय विचारलं तर तो म्हणाला, अंगातच आहे, मी ऑफिसात आहे. तिनं फोटो मागितला. त्यानं समोरून काढून पाठवला. पाठीचा पाठव म्हटल्यावर तो जरा वैतागला, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगून काढून घेतला. फोटोत मेंदी रंग होता, वेणी होती, आणि उजव्या खांद्याखाली तोच उलटा पीळ.

धम्मशीलानं मोबाइलकडं पाहिलं, मग पालाकडं पाहिलं. बादल्या अडकवणारी पाठ तिथंच होती.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, धम्मपालला, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की तूच दोन इणले नव्हतेस ना. त्यावर तिला राग आला. पण क्षणभर तिनं मनाशी आठवूनही पाहिलं.

पुढच्या रविवारी ती पिंगळीला गेली. सुगतकडं पिशवी टेकवली आणि विचारत विचारत महेश्वरीचं घर गाठलं. महेश्वरी तिच्याच वयाची होती, गळ्यात इष्टलिंग, दारात बसून शेंगा फोडत होती. स्वेटरचं नाव काढताच तिचा चेहरा एकदम पडला.

“तुमी त्या साहेबाच्या कोण?”

“बहीण. तो मीच इणलाय.”

महेश्वरीनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि ती सांगू लागली. स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत सुगत तिच्या पुढं उभा होता, तेव्हा तिला ती वेणी दिसली. विचारायची लाज वाटली. फोनमध्ये काही बघत असल्यासारखं करून तिनं गुपचूप त्याच्या पाठीचा फोटो काढला. परभणीत हिंडून तसलीच लोकर आणली आणि फोटो मोठा करकरून टाका न् टाका उतरवला. परक्या माणसाचा फोटो काढला म्हणून आता कुणीतरी भांडायला आलं, असंच तिला वाटलं होतं.

“बाकीचं जमलं,” ती म्हणाली. “पण खांद्याखालचा तो एक पीळ. लयदा उसवला मी तिथं, तवा कुठं बसला. तुमी तो उलटा कसा फिरवता?”

धम्मशीलाला हसावं की काय करावं कळेना. “ती चूक हाय,” ती म्हणाली.

महेश्वरी जरा दुखावल्यासारखी म्हणाली, “सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या, ताई. एवढी जागेवर बसलेली चूक असती व्हय कुठं?”

“खरंच सांगायलेय. ध्यान न्हवतं माझं.”

पण ते काही महेश्वरीला पटेना. तिनं आतून सुया आणि उरलेली लोकर आणली आणि पुढ्यात ठेवली. करून दाखवा, म्हणाली. धम्मशीलानं टाके घातले, विणत वेणीपर्यंत आली, टाके जादा सुईवर घेतले, आणि पीळ सरळच पडला. तिनं उसवून पुन्हा केला. पुन्हा सरळच. इतकी वर्षं सवयीनं फिरणारा हात चुकायला तयारच होईना. टाके पुढं धरले होते की मागं, ते तिला काही केल्या आठवेना.

“द्या इकडं,” म्हणत महेश्वरीनं सुया घेतल्या. टाके सुईवर पाठीमागं धरून तिनं सावकाश एक ओळ विणली. उलटा पीळ अलगद उमटला.

धम्मशीला पुढं झुकली. आपलीच चूक दुसरीच्या हातात अशी सुबक उतरलेली पाहून तिला बरंही वाटलं आणि कसंतरीही वाटलं. खरं सांगायचं तर तो पीळ वाईट दिसत नव्हता. आधीही वाईट दिसत नव्हता की काय, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

“परत दाखवा,” ती म्हणाली. “हळू.”

गुडघ्याला गुडघा लागलेला, मध्ये लोकरीचा गुंडा, अशा त्या बसलेल्या असतानाच शिवप्रकाश घरी आला. त्यानं धम्मशीलाला ओळखलं आणि विचारलं की मग ही वीण मुळात कुणाची. दोघी एकदमच सांगायला लागल्या, एकमेकींना थांबवत, पुन्हा पहिल्यापासून. त्यानं थोडा वेळ ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तो पाय धुवायला मागच्या अंगणात निघून गेला.