सूतभर कमी

काच चौकटीपेक्षा सूतभर कमी कापायची. काचेलाही अंग हलवायला जागा लागते. नाही ठेवली, तर उन्हात तडकते.

पोरीला शिकायला जायचंय त्या शहरात हिवाळ्यात दुपारीच दिवे लागतात.

आई विचारते, एवढ्या थंडीत केस धुवायचे कधी?

पोरीच्या फोनवर दोन शहरांचं हवामान. स्वतःच्या शहराचं नंतर बघायचं.

एका फोटोत लांबलचक टेबल. त्यावर जुन्या खिडकीतल्या रंगीत काचा सुट्या करून ठेवलेल्या, आणि मधोमध एक काचेची बाई. तिचा अर्धा चेहरा कधीच गळून गेलेला.

काचवाल्याच्या पोरीला या बाईचा चेहरा भरायचा होता. दुसरं काही नको होतं. जुन्या काचा दुरुस्त करायचं शिक्षण, युरोपात, दोन वर्षांचं. प्रवेश मिळाला, फीसुद्धा माफ झाली. उरला राहण्या-खाण्याचा खर्च. तो देणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज करायचा होता आणि वर्षाला किती लागतील, ते ज्याचं त्यानंच लिहायचं होतं. खोलीचं भाडं, विमा, बसचा पास, जेवण. बेरीज झाली आणि तिच्यातून थोडी रक्कम छाटली गेली. मागणी कशी, देणाऱ्याच्या चौकटीत अलगद बसावी!

बसली. जेवढं मागितलं तेवढं मंजूर झालं. घरात दोन दिवस कुणाचे पाय जमिनीवर नव्हते.

मग व्हिसाचा नियम वाचला. राहण्यासाठी वर्षाला ठरावीक रक्कम हाताशी असल्याशिवाय परवाना नाही. मंजूर रक्कम त्याहून कमी भरली. छाटली तेवढीच तूट. संस्थेनं नम्रपणे कळवलं, मंजूर आकडा बदलत नाही. कुणाला ती तूट किरकोळ वाटली असती. इथे ती दुकानाच्या वर्षभराच्या भाड्याएवढी होती. बँकेला तारण हवं होतं. घर भाड्याचं, दुकान भाड्याचं, आणि काचा कोण तारण ठेवून घेतो? शिंपीमामा शिलाई मशीन विकायला निघाला, तर त्या मशीनला गिऱ्हाईकच मिळेना.

मुदत संपली त्या संध्याकाळी सगळे दुकानात होते.

"आमच्याकडे शिकायला पाठवायची होती पोरीला," मामा म्हणाला. "आम्ही शिवणीत दोन बोटं माया सोडतो. माणूस सुटला तरी कपडा पुरतो. तुम्ही काचवाले जन्माचे कंजूष."

कुणी हसलं नाही. मामालाही हसू आलं नव्हतं.

आई नवऱ्याकडे वळली. "अहो, बोला की काहीतरी! जगाच्या खिडक्या मापात बसवता आणि स्वतःच्या पोरीचं माप चुकतं? कुणी सांगितलं होतं कमी लिहायला?"

बाबांनी फूटपट्टी सरळ केली. काचेवर रेघ ओढली. कर्रर्र.

"मी," ते म्हणाले. "हाताची सवय. तिला बोलू नकोस."

"तुम्हीच! वाटलंच मला."

पोरीनं तोंड उघडलं. बाबांनी मान वर न करता दोन बोटं हलवली, काच उचलताना 'बाजूला हो' म्हणून हलवायचे तशी. ती बाजूला झाली.

"पुढच्या वर्षी जागा ठेवतील का गं?" मामानं विचारलं.

"जागा ठेवतील. पैसे ठेवणार नाहीत. सगळा अर्ज पहिल्यापासून."

"मग करू की पहिल्यापासून," बाबा म्हणाले आणि त्यांनी रेघेवरून काच मोडली. अगदी सरळ मोडली.

ती दाराशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावर उजेड होता, नको इतका. तिथे आता कुंद दुपार असेल. टेबलावरचा दिवा लागला असेल, आणि कुणीतरी दुसरंच त्या बाईच्या उरलेल्या डोळ्यावर वाकलं असेल. ओला बोळा घेऊन, जपून. तिनं जपलं असतं तेवढं जपून? तिला वाटलं, नसेलच. मग वाटलं, असू दे, तेवढं तरी असू दे.

अर्ज तिनं एकटीनं भरला होता. बाबा त्या आठवड्यात परगावी शाळेच्या खिडक्या बसवत होते, आणि तिनं त्यांना काहीच विचारलं नव्हतं.