मारुतीच्या ओट्यावरची कबुली

जळगावच्या कोर्टात बावीस वर्षं मी हितेंद्र वकिलांकडं टायपिंग करते. चोर पाहिले, खुनी पाहिले, खोटे साक्षीदार तर पोत्यानं पाहिले. पण आमच्या नथ्थूनानांएवढा घातक माणूस मी आरोपीच्या पिंजऱ्यात कधी पाहिला नाही. असली माणसं तिथं येतच नाहीत. ती दुसऱ्याला तिथं उभं करतात आणि वर त्याबद्दल स्वतःचा सत्कारही करून घेतात.

नथ्थूनाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. एरंडोलपासून आत आमचं गाव, तिथं भाऊबंदकीतला शेवटचा शब्द त्यांचा. लग्न ठरवायचं असो की बांध मोजायचा, नानांची टोपी दिसल्याशिवाय कोणी हलत नाही. वडील गेल्यापासून आमच्या घरातही तेच.

झालं असं. लोटन नावाच्या आमच्या बांधभावाची, म्हणजे बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याची, आठशे खोडं केळी एका रात्रीत कोणीतरी कापून टाकली. चांगली निसवलेली, घड बाहेर पडलेली केळी. राखणीला लोटनचा मजूर पुना झोपला होता, तो आडवा गेला तर त्याच्या हातावर कोयता बसला आणि दोन बोटं गेली. दोनच दिवस आधी माझा धाकटा भाऊ स्वप्नील ठिबकच्या नळीवरून लोटनशी भांडला होता. तेवढ्यावर पोलिसांनी त्याला उचललं. तो त्या रात्री घरी झोपला होता, पण साक्षीला आईशिवाय कोण असणार?

मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "तोंड उघडायचं नाही. गप्प राहणं हा तुझा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही." पोरगं ऐकणारं. पोलिसांनी गोड बोलून पाहिलं, दम देऊन पाहिलं, हा गप्प. आणि पोलिसांपुढं बोलला असता तरी कबुली म्हणून ती कोर्टात त्याच्यावर चालली नसती. महिन्याभरात जामीन झाला. हितेंद्र साहेब फाईल मिटून म्हणाले, "हेमांगी, चेहरा कोणी पाहिलेला नाही, कोयता सापडलेला नाही. यात काही दम नाही. फक्त याला आता शांत बसू दे."

शांत बसू देतील ते नाना कसले.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे त्यांचं आवडतं वाक्य. एवढा शहाणा माणूस, पण गुन्ह्याचा खटला सरकार चालवतं, लोटन नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. लोटननं माफ केलं की खटला संपला, असा यांचा कायदा. उंटावरून शेळ्या हाकायची हौस, दुसरं काय. मला न कळवता त्यांनी एका शनिवारी मारुतीच्या ओट्यावर बठ्ठा, म्हणजे अख्खा गाव जमवला. आमच्याकडं रीतच आहे, भांडण मिटवायचं तर वयानं लहान असेल त्यानं चूक पदरात घ्यायची. चूक कोणाची होती हे कोणी विचारत नाही. दिराशी वाजलं म्हणून माझ्या आईनं अशी दोनदा माफी मागितलीय, दोन्ही वेळा चूक त्याची.

नाना स्वप्नीलला म्हणाले, "लोटनना पाय धर. मीच केळी कापी, मीच कोयता मारा, मनी चूक शे, इतलं म्हन. बठ्ठं मिटी जाई."

आणि तो म्हणाला, मीच कापली, मीच मारलं, माझीच चूक. शब्द न शब्द.

मी नव्हते, मग मला कसं माहीत? नानांनी त्याचा व्हिडिओ काढून घेतला आणि भाऊबंदकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'गावाचा वाद गावात मिटला. नथ्थूनानांचे आभार.' चाळीस जणांनी हात जोडले होते. व्हिडिओ माफीपासून सुरू होतो, नानांची शिकवणी त्यात नाही; ती मला नंतर स्वप्नीलनं सांगितली. ज्याची बोटं तुटली त्या पुनाला तर ओट्यावर बोलावलंसुद्धा नव्हतं. मजुराची कसली माफी मागायची?

मी ऑफिसात बसून तो व्हिडिओ पाहिला. पोलिसांपुढची कबुली कायदा धरत नाही, पण गावापुढची धरू शकतो. कायदा करणाऱ्यांनी फौजदाराचा धाक ओळखला, आमच्या नानांचा कोणी ओळखला नाही. आठ दिवसांत तो व्हिडिओ तपासाच्या कागदात होता आणि नाना सरकारी साक्षीदार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझ्या भावाचा होता.

खटला उभा राहिला. पुनानं शपथेवर सरळ सांगितलं, "अंधार होता साहेब, तोंड दिसलं नाही." ज्याची बोटं गेली तो खरं बोलला. मग नाना आले, इस्त्रीचं धोतर, कडक टोपी. ओट्यावरचं दुसरं कोणी नानांच्या विरोधात बोलायला तयार नव्हतं, म्हणून आदल्या दिवशी मी त्यांना फोनवर अक्षरशः विनवलं होतं, "नाना, एवढंच सांगा की ते वाक्य तुम्ही म्हणायला लावलं. पोरगं सुटेल." "हो हो, बेटा," म्हणाले होते.

हितेंद्र साहेबांनी तेच विचारलं. "ही माफी त्याला तुम्ही शिकवली होती ना?"

नानांनी मागं पाहिलं. बाकांवर लोटन होता, निम्मी भाऊबंदकी होती. हो म्हटलं असतं तर मारुतीसमोर आपणच खोटं बोलायला लावलं हे चारचौघांत कबूल झालं असतं, आणि पुढच्या भांडणाला ओट्यावर कोण बोलावणार होतं यांना? छाती काढून म्हणाले, "मी कशाला शिकवू? मारुतीसमोर माणूस खोटं बोलत नाही."

मला त्या माणसाची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

तरी एक संधी होती. पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात, त्याला शपथ नसते, हवं ते सांगता येतं. आम्ही स्वप्नीलकडून आठ दिवस घोकून घेतलं होतं. 'मी काही केलं नाही. नानांनी म्हणायला लावलं म्हणून म्हणालो.' माझ्यासमोर तो ते न अडखळता म्हणायचा.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही मारुतीसमोर गुन्हा कबूल केला, असं हे साक्षीदार सांगतात. तुमचं काय म्हणणं आहे?"

स्वप्नीलनं मागच्या बाकावर बसलेल्या नानांकडं पाहिलं. मग मान खाली घातली.

"साहेब," तो म्हणाला, "नानांना मी खोटं कसं म्हणू?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा विचारलं, समजावून विचारलं. हा पुन्हा तेच म्हणाला.

पाच वर्षांची शिक्षा लागली. तुरुंगात भेटायला गेले की तो मला सगळ्यात आधी नानांची तब्येत विचारतो.