दोनदा सोडलेलं खोकं

दात... कीबोर्डवर, बाणाच्या बटणापाशी, एका कडेला किंचित गुलाबी. त्या दाताकडे बघताना त्याला वाटलं, की मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे शेवटी एका वळलेल्या मुठीचा इतिहास. न्याय, धर्म, राज्यं हे सारं या पाच बोटांच्या पोटातून निघालं, बाकी नुसत्या तळटीपा... विचार आणखी बराच उंच गेला असता, पण दात उचलून पाहिला तर खोटा निघाला. दंतवैद्यानं बसवलेली टोपी. मानवजातीच्या इतिहासानं मेहुण्याची टोपी तेवढी उडवली होती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दात हातात घेऊन बसलेल्या यानंच त्याला या कंपनीत चिकटवला, शेजारच्या खुर्चीवर बसवून कर्नलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या प्रोग्रामचं, काम शिकवलं, आणि आज जेवणानंतर, अख्ख्या टीमच्या देखत, त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. मेहुणा खुर्चीसकट मागे कोसळला, खुर्चीची चाकं हवेत गरगरत राहिली, आणि याला – हे जगात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं – याला फार बरं वाटलं. पोटभर झोप झाल्यासारखं. टेस्टरबाईंनी मनगट धरलं म्हणून, नाहीतर मी त्याचे केस धरून डोकं त्या मॉनिटरवर आपटलं असतं, काच तडकेपर्यंत, तडकल्यावरही, आणि मग एखादा लांबट तुकडा बघून... मी? मी, जो डास मारायच्या आधी खिडकी उघडून बघतो?

भांडण एका खोक्यावरून झालं. नेटवर्कवरून आलेला प्रत्येक निरोप मेमरीतल्या एका खोक्यात ठेवतात. त्याला बफर म्हणतात. एकाच खोक्याला वाटेकरी बरेच. एक वाचतो, एक मोजतो, एक पुढे पाठवतो. ज्यानं धरलं त्यानं खोक्यावरचा आकडा एकानं वाढवायचा, सोडताना एकानं उतरवायचा. शून्य झाला की खोकं दुसऱ्या निरोपाला मोकळं. एकानं दोनदा सोडलं, तर आकडा कुणाचा तरी हात आत असतानाच शून्यावर येतो. खोक्यात नवा निरोप येऊन बसतो, जुना वाटेकरी त्याच्याच उरावर लिहीत सुटतो, आणि मशीन जागच्या जागी मरतं. सकाळपासून गिऱ्हाइकांची मशीनं अशीच पटापट मरत होती.

"पाठवायला दिलेलं खोकं तू परत सोडलंस?" यानं विचारलं होतं.

"पाठवणं फसलं तरच, दाजी. पडून राहत होतं बिचारं. मेमरी गळत होती."

"फसलं तरी पाठवणारंच फंक्शन ते खातं, सोडून मोकळं करतं! एकदा त्याच्या हाती दिलं की आपलं नाही! आजोबांच्या काळापासूनचा नियम आहे."

"मग आजोबांनाच विचारा. त्यांना भूक नव्हती."

टीम हसली. हसणाऱ्यांत मॅनेजरही होता, आणि एरवी तो पगारवाढीच्या दिवशीसुद्धा हसत नाही... आणि मग मूठ.

आता सगळे पांगले होते. पुरावा म्हणून, म्हणजे स्वतःच्या बाजूनं, यानं ते पाठवणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तो तुकडा, उघडलं. यानं स्वतःच लिहिलेलं. वाचत वाचत तो एका कोपऱ्यात आला – केबल निघालेली असेल तर – आणि थांबला. परवापर्यंत या वाटेनं गेलं तर फंक्शन खोकं न खाताच परत फिरत असे. ती चूक याचीच. मेहुण्याला खोकी साचताना दिसली, म्हणून त्यानं बाहेरून सोडायला सुरुवात केली. आणि यानं परवा कोपरा गुपचूप दुरुस्त केला, कुणाला न सांगता, कारण शिकवणाऱ्याची चूक शिकणाऱ्याला कशाला दाखवायची. दोघांनी एकच घाण काढली होती. दोनदा.

मूठ ठणकत होती. सुजलेली, सांध्यांवर लाल... बाबांची! बाबा दारावर ठोसे मारायचे तेव्हा हा आत कडीला पाठ लावून उभा असायचा, आणि प्रत्येक ठोशाला पाठ... नको. घरी मागे यानं आरसा फोडला होता, बायको काचा गोळा करत, वर न बघता म्हणाली होती, "आज आरसा होता. ज्या दिवशी माणूस असेल, त्या दिवशी मी नसेन." ती बोललेलं मागे घेत नाही. आणि माणूस शोधून शोधून सापडला तो तिचाच भाऊ.

प्रथमोपचाराच्या खोलीत मेहुणा बाकावर बसला होता, गालाला बर्फाची पिशवी. यानं टोपी कागदात गुंडाळून पुढे केली. त्यानं ती खिशात टाकली, सुट्टे पैसे टाकावेत तशी.

"ताईचा फोन येऊन गेला."

"काय... काय सांगितलंस?"

"उचलला नाही. हे तोंड घेऊन काय बोलू?"

"ऐक. चूक माझी होती. केबलच्या वाटेवर माझंच फंक्शन खात नव्हतं."

"माहितीये. सकाळीच तुमची जुनी प्रत बघितली. म्हणून तर म्हटलं ना, भूक नव्हती."

म्हणजे हा जाणून होता. जाणून हसवलं, सगळ्यांदेखत – आणि याच्या खिशात मूठ पुन्हा वळली, आपण होऊन, ठणकत, आनंदानं. खोक्याचा हिशेब मिटला होता, चूक कबूल झाली होती, तरी ती वळली, म्हणजे खोक्याशी तिला कधी घेणंदेणं नव्हतंच... मेहुण्याची नजर त्या खिशावर गेली.  त्याचा खांदा कानापर्यंत वर सरकला आणि पाठ भिंतीला टेकली. ती पाठ याला ओळखीची वाटली. दाराला टेकून उभी असायची तीच.

मूठ सोडावी म्हणून त्यानं बोटांना सांगून पाहिलं. एक सुटलं. बाकीची विचारात होती.

"ताईचं काय ते संध्याकाळी बघू," मेहुणा भिंतीला तसाच टेकून म्हणाला. "दाजी, वाकलं की तोंडात रक्त येतंय. जरा बुटाची नाडी बांधता का?"