शकुनच्या वाटच्या अक्षता

झेंडू फार गुणी असतो. ऊन येईपर्यंत थांबतो, डोळे मिचकावत नाही आणि "मी जाडी दिसून राहिली" म्हणून कुरकुरत नाही. बार्शीटाकळीच्या शकुननं जुना कॅमेरा हाती आल्यापासून घरच्या मळ्यातल्या झेंडूचेच फोटो काढले होते, आणि ते असे निघत की अकोल्याचे व्यापारी फोटो पाहूनच माल मागवत. तेवढ्यावर शेजारच्या खुशीनं तिला आपल्या लग्नाची फोटोवाली करून टाकलं.

नवरदेव गजेंद्र तिवस्याचा, संत्र्याच्या बागेतला. त्याच्या घरचे अमरावतीहून फोटोवाला आणणार होते. खुशीनं परस्पर 'नको' कळवलं आणि मगच शकुनला सांगायला आली. शकुनच्या तोंडचं पाणी पळालं.

"अवं पोरी, मले माणसाचे फोटो कुठी येतात?"

"लहानपणापासून तुमच्याच अंगणातला मोगरा माळला मी, काकू. आता फोटोबी तुमच्याच हातचे पाहिजेत." खुशी जरा जवळ सरकली. "बाकी चुकलं तं चुकू द्या. फक्त अंतरपाट पडते न, तेव्हाचा एक फोटो पाहिजे. हार काय, फोटोवाले चारदा घालून घेतात. अंतरपाट एकदाच पडते."

पोरीनं नेमक्या मर्मावर बोट ठेवलं होतं. पंगतीत घास पुन्हा भरवता येतो, पाया पुन्हा पडता येतं. पण मंगलाष्टकं संपून खाली आलेला तो कापडाचा पडदा 'जरा फोटो राहिला' म्हणून कोणता भटजी पुन्हा धरेल? ज्या पोरीच्या वेण्यांत आपण फुलं खोवली, तिचा हा एक क्षण आता आपल्या बोटावर आहे, या विचारानं शकुनला धड जेवण जाईना.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवऱ्याच्या आधी फोटोवालीच उतावळी झाली. दुसऱ्याच दिवशी तिनं अंगणात दोरीवर चादर टाकली आणि सासूसासऱ्यांना हाक मारली.

"आत्याबाई, तुम्ही इकडं उभ्या राहा. मामंजी, तुम्ही तिकडं."

सासरे पंजाबराव लगेच उठले, टोपी सारखी केली आणि नेमून दिलेल्या जागी उभे राहिले. सासू माणिकबाई मात्र सूप घेऊन बसल्या होत्या त्या जागच्या हलल्या नाहीत. "या वयात कोनतं सोंग आनलं व? लोकं हासतीन!" पंजाबराव थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग खाटेवर जाऊन बसले. शेवटी एका बाजूला शकुनचा नवरा योगेश आणि दुसऱ्या बाजूला स्टुलावर झेंडूचं पोतं, असं लग्न लागलं. योगेश चादर ओढायचा आणि शकुन बटण दाबायची. चार-सहा वेळा झाल्यावर फोटो झकास येऊ लागले. पोत्याच्या चेहऱ्यावरही तेज दिसायला लागलं.

पण पोतं ते पोतं. खऱ्या लग्नात हात बसवावा म्हणून तिनं अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका मंगल कार्यालयात घरच्या झेंडूचे हार पोचवले, तेव्हा मुलीच्या वडिलांना विचारून ती तिथंच थांबली. कॅमेरा गळ्यात घालून चांगली मोक्याची जागा धरली. एवढ्यात अक्षता वाटत एक मुलगी आली आणि शकुननं हात पुढे केला. लग्नात अक्षता पुढे आल्या की हात पुढे होतोच, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? पहिल्या 'सावधान'ला तिनं टाकल्या. दुसऱ्याला टाकल्या. शेवटच्याला मात्र टाकायच्या नाहीत, बटण दाबायचं, असं तिनं मनाला दहादा बजावलं. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली गेला, वाजंत्री कडाडली आणि शकुनचा उजवा हात वर जाऊन अक्षता टाकून मोकळा झाला. कॅमेरा पोटावर लोंबत राहिला.

मनाला बजावलं होतं, पण हाताला कोणी सांगितलं होतं? ओळख ना पाळख अशा नवरीला मनापासून आशीर्वाद देऊन शकुन रडकुंडीला आली.

तशीच ती त्याच पेठेत जैनुद्दीनचाचांकडे गेली. चाचांनी उभ्या जन्मात अकोल्यातली लग्नंच टिपली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यावर स्टुडिओ बंद केला आणि लग्नांत हार पोचवताना ओळखीच्या झालेल्या शकुनच्या हवाली कॅमेरा केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत.

"बेटा, तुमच्या लोकाईच्या लग्नात मले तकलीफ नव्हती. अक्षतेची सवयच नव्हती हाताले. पन माह्या लहान्या भावाचा निकाह झाला. त्यानं 'कबूल है' म्हटलं, सगळ्याईनं दुआसाठी हात उचलले. माहे बी उठले. कॅमेरा पोटावर. साऱ्या अकोल्याचे फोटो काढले मी, घरच्याचाच राहिला."

"मंग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? हाताले रागवू कसा? दुआ मांगाले उठला होता तो." चाचा स्वतःच्या तळव्यांकडे पाहत राहिले. "एक सांगतो. हाताले दाबू नको. त्याचं काम दुसऱ्या कोनाच्या हवाली कर. तवाच तो मोकळा होते."

घरी येऊन शकुननं हे सासूला सांगितलं. तिला वाटलं, सासू म्हणेल, लग्न सोडून हे काय खूळ. माणिकबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तुह्या वाटच्या मी टाकतो," त्या म्हणाल्या. "मले दोन हात हायेत."

लग्नाच्या दिवशी हारांच्या टोपल्या मांडीवर घेऊन वऱ्हाड निघालं. अकोला गेलं, अमरावती गेली, आणि तिवसा जवळ आलं तशी शकुन पुन्हा पुन्हा कॅमेरा तपासू लागली. कार्यालयात तिनं हळदीचे, बांगड्यांचे, रुसलेल्या मामाचे फोटो काढले. काही बरे आले, काहींत माणसांची नुसती हनुवटी आली. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिचे डोळे त्या घडी घातलेल्या अंतरपाटावर होते.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी नवरदेवाची आत्या तांदळाऐवजी हळदीनं पिवळ्या केलेल्या ज्वारीच्या अक्षता वाटत आली. शकुननं हात पुढे केला नाही. हे तिच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

"घ्या न बाई!" आत्या चमकून म्हणाली. "लग्नात रिकाम्या हातानं उभं रायते काय कोनी?"

आसपासच्या चार बायका वळून पाहू लागल्या. तेवढ्यात माणिकबाईंनी पदर सावरून दोन्ही हात पुढे केले. "तिच्या वाटच्या मले द्या. ती आमच्या घरचीच हाय." आत्यानं एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोन्ही मुठी भरल्या.

मंगलाष्टकं चालू झाली. दर 'सावधान'ला शकुनच्या खांद्यावरून माणिकबाईंचे दोन हात जात. उजव्यातून त्यांच्या, डाव्यातून शकुनच्या. दोन-तीन वेळा असं झाल्यावर शकुनचा हात खरंच शांत झाला. त्याचं काम होत होतं, मग तो कशाला तडफडेल?

शेवटचं 'सावधान' झालं. मांडवभर ज्वारी उडाली. कोणी टाकताना मान वळवली, कोणी पोराच्या हातून टाकवत होतं, आणि ज्यांच्या एका हातात मोबाइल होता त्यांची नजर त्या एवढ्याशा काचेवर होती. अंतरपाट खाली आला.

आणि शकुनला ते दिसलं.

साखरपुड्यापासून खुशी आणि गजेंद्र रोज फोनवर एकमेकांचं तोंड पाहत होते. तरी आत्ता दोघं असे पाहत होते की जणू आजवर कोणी कोणाला पाहिलंच नव्हतं. दिवसभर बडबडणाऱ्या खुशीचे ओठ नुसते उघडे राहिले होते. गजेंद्रचे डोळे भरून आले होते आणि ते त्याला कळलेलंही नव्हतं. वरून पिवळे दाणे पडत होते, आणि एवढ्या गर्दीत ती दोघं एकटी होती. इतकी लग्नं पाहिली, इतक्या अक्षता टाकल्या, आणि पडदा पडल्यावर हे असं काही होतं हे तिला ठाऊकच नव्हतं! हे रोज कुठल्या ना कुठल्या मांडवात होतं, सगळ्यांच्या देखत होतं, आणि सगळे आशीर्वाद द्यायच्या घाईत असतात. तिला एकदम हात जोडावेसे वाटले. पण बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलं.

नंतर जेवणाची गडबड उसळली, तेव्हा ती खांबाआड जाऊन तो फोटो पाहत बसली. माणिकबाई तिला शोधत आल्या.

"आला काय व?"

शकुननं कॅमेरा पुढे केला. माणिकबाईंनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, दूर धरून पाहिलं.

"असं पायतेत काय?" त्या हळूच म्हणाल्या. "मी तं मान खालीच घातली होती. मायनं सांगतलं होतं, वर पाहू नको. तुह्या सासऱ्याचं तोंड मी पायलं ते मंग कवातरी, बैलाले पानी पाजताना." मग आठवण होऊन त्यांनी डावी मूठ उघडली. "हे घे. तुह्या वाटच्या राखल्या थोड्या. हात आसुसला असन तुहा."

दाणे शकुनच्या तळहातावर देऊन त्या वळल्या. पलीकडे पंजाबराव खुर्चीवर बसून पान चघळत होते. माणिकबाई सरळ जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"अवो, उभे राहा न जरा."

"काहून? काय झालं?"

"काही नाही झालं. इकडं पाहा."

पंजाबराव उठले. त्यांनी टोपी सारखी केली. माणिकबाईंनी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. आधी ते गोंधळले, मग हसू आलं, मग तेही गेलं. पान चघळायचं थांबवून ते बायकोकडे नुसते पाहत राहिले. मांडवात कोणाचंही तिकडं लक्ष नव्हतं.

शकुनचा उजवा हात वर गेला. मूठभर पिवळी ज्वारी दोघांच्या डोक्यावर पडली, काही टोपीवर, काही पांढऱ्या केसांत. कॅमेरा तिच्या पोटावर लोंबत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना तिला हसू आलं. जैनुद्दीनचाचांसारखंच झालं होतं. घरच्यांचाच फोटो राहिला.